कार्ड चालत नाही? आधी सांगा, कुठला ट्रॅक अडला?

कार्ड प्रिंटरमध्ये एन्कोड केलं, म्हणजे त्याच्या मागच्या चुंबकीय पट्टीवर डेटा लिहिला, आणि ते रीडरवर चाललं नाही, की बहुतेक जण थेट प्रिंटरला दोष देतात. त्याआधी एक गोष्ट तपासा: पट्टीवरच्या तीनपैकी कुठला ट्रॅक (डेटाची आडवी ओळ) वाचला गेला नाही? या एका उत्तरावरून निम्म्याहून जास्त शक्यता बाद होतात. मात्र त्या उत्तराचा अर्थ लावायचा तर पट्टीवर नेमकं काय लिहिलं जातं ते माहीत हवं, म्हणून सुरुवात तिथून.

नेहमीचं कार्ड ८५.६० मिमी लांब, ५३.९८ मिमी रुंद आणि ०.७६ मिमी जाड असतं. त्याच्या मागच्या बाजूला, वरच्या कडेपासून साधारण साडेपाच मिलिमीटर सोडून चुंबकीय पट्टी सुरू होते. तिच्यावर एकाखाली एक असे तीन ट्रॅक बसतात, प्रत्येक सुमारे २.८ मिमी रुंद. कडेला सगळ्यात जवळचा तो पहिला.

आयएसओ ७८११ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पहिला ट्रॅक इंचाला २१० बिट (0 किंवा 1 च्या खुणा) या घनतेने लिहिला जातो. त्यात एका अक्षराला ७ बिट लागतात आणि एकूण ७९ अक्षरं मावतात. दुसरा ट्रॅक विरळ, इंचाला ७५ बिट, अक्षराला ५ बिट, एकूण ४० अक्षरं. तिसरा पुन्हा २१० बिटांचा, पण अक्षराला ५ बिट, त्यामुळे १०७ अक्षरं. प्रत्येक ट्रॅकमधली तीन अक्षरं सुरुवातीची खूण, शेवटची खूण आणि तपासणीचं अक्षर यांत जातात. आपल्या मजकुरासाठी उरतात अनुक्रमे ७६, ३७ आणि १०४.

हे आकडे लांबीच्या हिशोबातून आलेले आहेत. दुसऱ्या ट्रॅकवर ४० अक्षरं गुणिले ५ म्हणजे २०० बिट. त्यांना ७५ ने भागलं की २.६७ इंच, म्हणजे जवळपास ६८ मिमी. पहिला बिट कार्डाच्या कडेपासून साधारण ७.४ मिमी आत सुरू होतो आणि शेवटीही थोडी मोकळी जागा लागते. ८५.६० मध्ये याहून फारसं बसत नाही. पूर्ण भरलेला ट्रॅक जवळजवळ कार्डाच्या टोकापर्यंत जातो, आणि टोकाशी रोलरची पकड बदलते. म्हणून गरज नसताना ट्रॅक काठोकाठ भरू नये. दहा आकड्यांनी काम होत असेल तर दहाच लिहा.

कुठल्या ट्रॅकवर काय चालतं

पहिल्या ट्रॅकवर इंग्रजी मोठी अक्षरं, आकडे, मोकळी जागा आणि काही चिन्हं चालतात. छोटी लिपी नाही, देवनागरी तर नाहीच. काही ड्रायव्हर (संगणकावरून प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) छोटी अक्षरं आपणहून मोठी करतात, काही सरळ चूक दाखवतात. ड्रायव्हरवर विसंबू नका, डेटा आधीच मोठ्या अक्षरांत करून ठेवा. टक्का (%), टोपी (^) आणि प्रश्नचिन्ह (?) यांना ट्रॅकवर ठरलेली कामं आहेत, त्यामुळे ती मजकुरात येता कामा नयेत. बाकी चिन्हांतही बिंदू, तिरपी रेघ आणि आडवी रेघ यांपलीकडे जाऊ नये.

दुसऱ्या आणि तिसऱ्या ट्रॅकवर फक्त आकडे. दोन भाग वेगळे करायचे असतील तर मध्ये बरोबरचं चिन्ह (=) घालता येतं. मोकळी जागा चालत नाही, आणि याच मुद्द्यावर सगळ्यात जास्त कार्डं अडतात, त्याबद्दल पुढे.

पहिला ट्रॅक % ने सुरू होतो, दुसरा आणि तिसरा अर्धविरामाने (;). तिन्ही ? ने संपतात. या खुणा कोण घालणार, तुमचं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर की तुम्ही स्वतः, हे एकदाच ठरवा. दोघांनी घातल्या तर पट्टीवर ;; असं काहीतरी जातं. एखादा रीडर ते खपवून घेतो, दुसरा नाही. मग कार्ड एका दारावर चालतं आणि शेजारच्या दारावर अडतं, आणि लोक उगाच दाराचा रीडर उघडून बसतात.

शेवटच्या खुणेनंतर तपासणीचं अक्षर येतं, त्याला एलआरसी म्हणतात. ते एन्कोडर (प्रिंटरमधला पट्टी लिहिणारा भाग) स्वतः काढतो, पण कसं काढतो हे समजून घेण्यासारखं आहे. समजा दुसऱ्या ट्रॅकवर ;12345? लिहायचं आहे. चार बिटांत, म्हणजे 1011, मग 0001, 0010, 0011, 0100, 0101, आणि शेवटची खूण ? म्हणजे 1111. आता प्रत्येक स्तंभातले एक मोजायचे: सम असतील तर खाली 0, विषम असतील तर 1. उत्तर येतं 0101, म्हणजे 5. शिवाय प्रत्येक अक्षराला स्वतःचा पाचवा बिट असतो, तो अक्षरातल्या एकांची संख्या विषम ठेवतो. 3 म्हणजे 0011, त्यात दोन एक, म्हणून पाचवा बिट 1. अशी दुहेरी राखण असल्यामुळे मधला एक बिट जरी बिघडला तरी रीडर अर्धवट किंवा चुकीचा क्रमांक देत नाही, अख्खा ट्रॅकच नाकारतो. कार्ड ‘वाचलंच जात नाही’ असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा शंभरेक बिट नीट असतात आणि एकच फसलेला असतो.

डेटाचा घोळ

एन्कोडिंगच्या बहुतेक चुका प्रिंटरपर्यंत पोचण्याआधीच, एक्सेलमध्ये झालेल्या असतात.

पहिली चूक, सुरुवातीची शून्यं. 00451 हा क्रमांक एक्सेल 451 करून टाकतो. दुसरी चूक जास्त घातक आहे: एक्सेल संख्या १५ अंकांपर्यंतच अचूक ठेवतो. १६ किंवा त्याहून जास्त अंकी क्रमांक टाकला की सोळाव्या अंकापासून पुढे शून्यं होतात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. दोन्हींवर उपाय एकच, मजकूर भरण्याआधी तो स्तंभ ‘टेक्स्ट’ करायचा. भरल्यानंतर केला तर गेलेले अंक येत नाहीत. सीएसव्ही फाइल डबल क्लिक करून उघडली तरी हेच होतं. ती ‘डेटा’ मेन्यूतून आयात करावी आणि आयात करतानाच स्तंभाचा प्रकार टेक्स्ट निवडावा.

तिसरी चूक कार्ड डिझाइनचं सॉफ्टवेअर एक्सेलला जोडल्यावर दिसते. जोडणारा विंडोजचा जुना घटक नेहमीच्या सेटिंगमध्ये पहिल्या ८ ओळी बघून स्तंभाचा प्रकार ठरवतो. त्या आठही संख्या असतील आणि नवव्या ओळीत अक्षर असलेला क्रमांक आला, तर तो रिकामा येऊ शकतो. कार्ड छापलं जातं, पट्टी मात्र कोरी. अशी अधूनमधून कोरी कार्डं निघाली, तर एन्कोडर उघडण्याआधी त्या ओळी एक्सेलमध्ये बघा.

आणि न दिसणारी अक्षरं. क्रमांकाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा, वेबपानावरून चिकटवताना आलेली न तुटणारी मोकळी जागा, एक्सेलच्या एकाच सेलच्या आतली नवी ओळ. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण दुसरा ट्रॅक ती घेत नाही आणि एन्कोडर ‘चुकीचं अक्षर’ म्हणून थांबतो. देवनागरी कीबोर्डवर टाइप केलेले आकडेही असेच अडतात, कारण १२३ आणि 123 हे पट्टीच्या दृष्टीने वेगळे आहेत आणि पहिल्याला तिथे जागाच नाही. काम सुरू करण्याआधी प्रत्येक क्रमांकाची लांबी मोजणारा एक जास्तीचा स्तंभ करा. सगळे दहा अंकी हवेत आणि एखाद्यापुढे ११ आलं, तर चोर सापडला.

हायको आणि लोको

पट्टीचं चुंबकत्व बदलायला किती जोर लागतो, त्यावरून कार्डाचे दोन मुख्य प्रकार पडतात. लोको म्हणजे साधारण ३०० ओरस्टेड (हा जोर मोजायचं एकक), हायको म्हणजे बहुतेक वेळा २७५०, काही ४०००. लोको पट्टी बहुधा तपकिरी आणि हायको काळी असते, पण रंगावर भरवसा ठेवू नका. खोक्यावर छापलेलं वाचा, किंवा विकणाऱ्याकडून लिहून घ्या.

ड्रायव्हरमधलं सेटिंग कार्डाशी जुळलंच पाहिजे. हायको कार्डावर लोकोच्या ताकदीने लिहिलं तर पट्टी जवळजवळ तशीच राहते आणि तपासणीत लगेच चूक येते. हे बरं, कारण लगेच कळतं. उलटं केलं, म्हणजे लोको कार्डावर हायकोच्या ताकदीने लिहिलं, तर कार्ड तुमच्या टेबलावर वाचलंही जातं. पण गरजेहून जास्त जोरामुळे शेजारचे बिट एकमेकांत घुसतात, खुणा आपल्या जागेवरून सरकतात, आणि बाहेरच्या जुन्या रीडरवर ते कार्ड अडतं. मला ही दुसरी चूक जास्त वाईट वाटते, कारण ती वाटप झाल्यावर उघडकीला येते.

रोज वापरायच्या, वर्षानुवर्षं टिकवायच्या कार्डाला हायकोच घ्यावं. चार दिवसांत परत येणाऱ्या आणि पुन्हा लिहायच्या कार्डाला लोको पुरतं. पर्सच्या चुंबकी खटक्याने किंवा फोनच्या कव्हरमधल्या चुंबकाने लोको सहज पुसलं जातं. हायको त्यात टिकतं, तरी जोरदार निओडायमियम चुंबक थेट घासला तर तेही सुरक्षित नाही.

ड्रायव्हर, कार्ड आणि पहिली फेरी

विंडोजमध्ये प्रिंटरच्या ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मध्ये मॅग्नेटिक एन्कोडिंगचं वेगळं पान असतं. तिथे चार गोष्टी ठरवायच्या: हायको की लोको, कुठले ट्रॅक, कुठलं स्वरूप, आणि लिहिल्यावर तपासणी. स्वरूपात खास कारण नसेल तर आयएसओच ठेवा. एएएमव्हीए नावाचा पर्याय अमेरिकेतल्या वाहन परवान्यांसाठी आहे, त्यात तिसऱ्या ट्रॅकचं अक्षर ७ बिटांचं होतं. तो चुकून निवडला गेला तर तिसरा ट्रॅक साध्या रीडरला कळत नाही. काही कुलुपांच्या यंत्रणा स्वतःच्या बिट-रचनेत लिहितात, त्यांना आयएसओ चालत नाही, त्यांच्याच सॉफ्टवेअरने लिहावं लागतं. लिहिल्यावर तपासणी नेहमी चालू ठेवा. दर कार्डाला थोडे सेकंद जास्त जातात, ते जाऊ द्यावेत.

डेटा ड्रायव्हरपर्यंत पोचवायचा मार्ग प्रिंटरनुसार बदलतो. फार्गोच्या प्रिंटरांत तो साध्या मजकुरातून जातो: कार्डाच्या आराखड्यात ~2;20450017? असा मजकूर ठेवला की लाटेच्या चिन्हावरून ड्रायव्हर ओळखतो की हे छापायचं नाही, दुसऱ्या ट्रॅकवर लिहायचं आहे. हा मजकूर एकाच चौकटीत आणि एकाच ओळीत राहिला पाहिजे. चौकट अरुंद असून ओळ मोडली तर अर्धाच भाग जातो. आणि ~2 पासूनचा अख्खा मजकूर कार्डावर छापूनच आला, तर बहुधा आराखड्याचं सॉफ्टवेअर मजकुराऐवजी त्याचं चित्र पाठवतंय. फाँट बदला किंवा ‘मजकूर म्हणून पाठवा’ असा पर्याय शोधा.

कार्ड ट्रेमध्ये घालताना पट्टी वर की खाली, पुढे की मागे, हे मॉडेलवर ठरतं. ट्रेवरच्या चित्रात दाखवलेलं असतं, तेच खरं. दुसऱ्या प्रिंटरची सवय इथे आणू नका. कार्डं कडांना धरूनच हाताळा. ट्रेच्या बाजूचे मार्गदर्शक (गाइड) कार्डाला अलगद टेकलेले हवेत. सैल राहिले तर कार्ड किंचित तिरकं जातं आणि ट्रॅक पट्टीच्या कडेला सरकतो.

बहुतेक टेबलावरच्या प्रिंटरांत एन्कोडिंग आधी आणि छपाई नंतर होते. त्यामुळे एन्कोडिंग फसलं तर कार्ड कोरंच बाहेर पडतं आणि रिबन वाया जात नाही. मागच्या बाजूलाही छापायचं असेल तर पट्टीची जागा छपाईतून आणि वरच्या पारदर्शक थरातून वगळा. ड्रायव्हरमध्ये त्यासाठी तयार पर्याय असतो.

पट्टीवर थर का नको, याचं गणित सोपं आहे. हेड (पट्टीवर लिहिणारा आणि वाचणारा भाग) आणि पट्टी यांच्यात अंतर पडलं की सिग्नल कमी होतो, दर तरंगलांबीइतक्या अंतराला ५४.६ डेसिबल या दराने. २१० बिटांच्या ट्रॅकवर सगळ्यात छोटी तरंगलांबी ०.१२१ मिमी आहे. मध्ये ०.०१ मिमीचा थर आला तर साडेचार डेसिबल जातात, म्हणजे सिग्नलची उंची सुमारे ४० टक्क्यांनी घटते. ७५ बिटांच्या ट्रॅकवर तरंगलांबी ०.३३९ मिमी, तिथे तोच थर फक्त १.६ डेसिबल खातो, उंची १७ टक्क्यांच्या आसपास घटते. धूळ, बोटांचं तेल, रिबनचे कण यांनाही हाच नियम लागू.

अडलेला ट्रॅक काय सांगतो

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. यूएसबीचा, कीबोर्डसारखा टाइप करणारा साधा रीडर घ्या, नोटपॅड उघडा आणि कार्ड ओढा. संगणकाचा कीबोर्ड इंग्रजी, अमेरिकन मांडणीवर असायला हवा. तो मराठीवर राहिला तर उत्तम कार्डही नोटपॅडमध्ये भलतीच अक्षरं उमटवतं. काही रीडर न वाचलेल्या ट्रॅकच्या जागी ‘ई’ हे इंग्रजी अक्षर पाठवतात, आणि काही तिसऱ्या ट्रॅकची सुरुवात + ने दाखवतात. ही कार्डाची चूक नव्हे.

पहिला आणि तिसरा अडले, दुसरा मात्र ठणठणीत: मध्ये काहीतरी आलंय. वरचं गणित हेच सांगतं, दाट ट्रॅक आधी मरतात. हेड साफ करा, पट्टीवर थर गेलाय का बघा.

फक्त पहिला अडला: तो कार्डाच्या कडेला सगळ्यात जवळ असल्यामुळे कार्ड आडवं सरकल्याचा फटका आधी त्याला बसतो. मार्गदर्शक तपासा, मग मजकुरात छोटी लिपी किंवा नको असलेलं चिन्ह आहे का ते बघा.

तिन्ही अडले: कार्ड उलटं घातलं, हायको-लोको चुकलं, किंवा खोक्यात पट्टी नसलेली कार्डं मिसळली. तिन्ही गोष्टी अर्ध्या मिनिटात तपासता येतात.

छोटा क्रमांक लिहिला जातो, मोठा अडतो: कार्ड टोकाशी घसरतंय. या लेखनपद्धतीत वेळेचं मोजमाप बिटांतूनच मिळतं, ओढण्याचा वेग हळूहळू बदलला तर रीडर सांभाळून घेतो. पण लिहिताना रोलर मध्येच घसरला तर दोन खुणांमधलं अंतर एकदम बदलतं आणि 0 की 1 हे ठरवता येत नाही. रोलर मळलेला किंवा गुळगुळीत झालेला असतो. साफ करून फरक पडला नाही तर बदलावा.

लिहिल्यावरच्या तपासणीत पास, बाहेरच्या रीडरवर नापास: प्रिंटरचं हेड जिथे लिहितं तिथेच वाचतं, त्यामुळे ट्रॅक थोडा सरकलेला असला तरी ते स्वतःला पास करतं. म्हणून प्रिंटरची तपासणी पुरेशी नाही, कार्ड प्रत्यक्ष जिथे वापरलं जाणार त्या रीडरवर ओढून बघावंच लागतं. शंका राहिली तर लोखंडाची अतिसूक्ष्म पूड असलेली चुंबकदर्शक पट्टी मिळते, ती कार्डावर टेकवली की ट्रॅकच्या रेघा डोळ्यांनी दिसतात. ट्रॅक किती सरकलाय आणि कुठून सुरू होतोय, ते तिथेच कळतं.

साफसफाईबद्दल थोडंच. रिबन बदलताना आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेलं क्लीनिंग कार्ड फिरवा. अनेक प्रिंटरांच्या माहितीपुस्तिकेत दर १,००० कार्डांचा आकडा दिलेला असतो, धुळीच्या जागी त्याआधीच करा. छपाईचं हेड आणि चुंबकीय हेड वेगळे आहेत. काही मॉडेलांत एन्कोडरसाठी निराळं क्लीनिंग कार्ड लागतं. हेडला टाचणी, ब्लेड, पेचकस काहीही लावू नका. त्याच्या तोंडाशी ओरखडा पडला की ते हेड संपलं.

मोठं काम काढण्याआधी पाच कार्डं करा आणि ती खऱ्या रीडरवर दोन-तीनदा ओढा. मग पुढे दर पन्नासाव्या कार्डाला तपासा. छापलेला क्रमांक आणि पट्टीवरचा क्रमांक डेटाच्या एकाच स्तंभातून घ्या, म्हणजे दोघांत फरक पडायची सोय राहत नाही. मध्ये कार्ड अडकलं तर ‘पुन्हा प्रयत्न’ दाबण्याआधी शेवटचं बाहेर पडलेलं कार्ड ओढा आणि छापलेल्या क्रमांकाशी ताडून बघा. रांग एकाने पुढे सरकली असेल, तर तिथून पुढची सगळी कार्डं दुसऱ्याच्या नावावर जातात, आणि ती दिसायला अगदी सुबक असतात.

छापून झालेल्या कार्डाची फक्त पट्टी फसली असेल तर कार्ड फेकू नका. आराखड्यात छापायचं काहीच न ठेवता फक्त ट्रॅकचा मजकूर पाठवा आणि तेच कार्ड पुन्हा आत घाला. रिबन खर्च होऊ नये म्हणून ड्रायव्हरमध्ये ‘फक्त एन्कोड’ पर्याय असेल तर तो निवडा.

पट्टीवर काय ठेवायचं, हेही ठरवूनच घ्या. ती उघडी पाटी आहे, स्वस्त रीडर असलेला कोणीही ती वाचू शकतो आणि तिची नक्कलही करू शकतो. म्हणून तिच्यावर फक्त एक निरर्थक क्रमांक असावा आणि त्याचा अर्थ तुमच्या सर्व्हरवर असावा. जन्मतारीख, फोन नंबर, पासवर्ड, पिन यांतलं काहीही नको. हरवलेल्या कार्डाचा क्रमांक सर्व्हरवर बंद करता आला पाहिजे, आणि नव्या कार्डाला जुनाच क्रमांक पुन्हा देऊ नये. पैशाच्या व्यवहारासाठी तर ही पट्टी आता मावळतीला लागली आहे. मास्टरकार्डने २०२१ मध्येच जाहीर केलं की २०३३ पर्यंत त्यांच्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांवर चुंबकीय पट्टी उरणार नाही. जिथे कार्ड चोरीला गेल्यास खरं नुकसान होईल, तिथे चिपचं कार्ड घ्यावं. हजेरी, वाचनालय, जेवणाचे कूपन यांसाठी पट्टी अजून चोख काम देते.